मान डोलावणाऱ्या प्रसिद्ध व्यक्ती : एका संग्रहाच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

अमेरिकेत ७ जानेवारी हा बॉबलहेडचा, म्हणजे डोके डोलणाऱ्या बाहुल्यांचा, दिवस म्हणून पाळला जातो, तेव्हा अनेक वर्षे लांबणीवर टाकलेले काम आजच सुरू करणे मला उचित वाटले. शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरातील आमच्या घराच्या तळघरात स्प्रिंगवर डोके बसवलेल्या ४७ बाहुल्या आणि मोठ्या डोक्याच्या, न हलणाऱ्या ९ प्लास्टिकच्या आकृत्या अशा एकूण ५६ वस्तू आहेत. त्यांची नोंदवही करणे, नादुरुस्त असलेल्यांची डागडुजी करणे आणि निवडक वस्तू मे महिन्यात गावच्या सार्वजनिक वाचनालयातील काचेच्या कपाटात मांडणे, असे या कामाचे तीन भाग ठरवले आहेत. वाचनालयाने कपाट एका महिन्यासाठी देण्याचे मान्य केले आहे आणि प्रत्येक वस्तूसोबत साठ शब्दांपर्यंतची चिठ्ठी ठेवायला सांगितले आहे.

मराठीत ‘अर्कचित्र’ हा फार नेमका शब्द आहे. माणसाच्या चेहऱ्यातील बाकीचे सारे आटवून जे उरते ते चित्रकार कागदावर उतरवतो, हे त्या एका शब्दात सांगून होते. माझ्या कपाटातील बाहुल्या याच अर्काची त्रिमित रूपे आहेत, किंवा असायला हव्या होत्या. त्यांपैकी कितींमध्ये खरोखर तो अर्क उतरला आहे आणि तो नेमका कुठे उतरला आहे, हे मला या निमित्ताने पाहायचे आहे.

२१ जानेवारी, रविवार

नोंदवहीचे रकाने ठरले : क्रमांक, व्यक्ती, निर्मितीचा काळ, साहित्य, उंची, वजन, बैठकीचा आकार व रंग, बैठकीवरील मजकूर, दोष आणि वस्तू कोठून आली. आज १८ वस्तू नोंदवून झाल्या.

वजनाचा रकाना आधी मला अनावश्यक वाटत होता, परंतु पहिल्याच दिवशी तो सर्वांत बोलका ठरला. साठच्या दशकात जपानमध्ये तयार होऊन अमेरिकेत आलेल्या बाहुल्या कागदाच्या लगद्याच्या आणि आतून पोकळ असत, तर नव्वदच्या दशकानंतर चीनमध्ये होऊ लागलेल्या बाहुल्या पॉलिरेझिनच्या, म्हणजे खनिज भुकटी मिसळून साच्यात ओतलेल्या राळेच्या असतात. माझी कागदी बाहुली १८ सेंटिमीटर उंच असून तिचे वजन १२४ ग्रॅम भरले, आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीची रेझिनची बाहुली ४३० ग्रॅमची निघाली.

डोलण्यातही फरक आहे. टिचकी मारून दहा सेकंदांतील हेलकावे मोजले, तेव्हा कागदी डोक्याचे २१ आणि रेझिनच्या डोक्याचे ३४ आले. जड डोके सावकाश डोलेल असा माझा अंदाज होता, पण ते पेलण्यासाठी स्प्रिंग इतकी ताठ घेतलेली असते की अखेर तेच अधिक घाईने थरथरते. जुनी बाहुली होकार देते असे वाटते आणि नवी बाहुली थंडीने कुडकुडते आहे असे वाटते. संथ डोलण्यामुळे चेहरा पाहायला सवड मिळते, म्हणून मला जुनी रीत श्रेष्ठ वाटते.

स्प्रिंगच्या आधीही मान डोलावणाऱ्या मूर्ती होत्या, हे चिठ्ठीत आले पाहिजे. अठराव्या शतकात चीनमधून युरोपात गेलेल्या मूर्तींमध्ये मानेखाली वजन टांगून डोके लंबकासारखे हलते ठेवलेले असे. चित्रकार योहान झोफानी याने १७६५ च्या सुमारास काढलेल्या इंग्लंडच्या राणी शार्लट हिच्या चित्रात मागच्या बाजूला अशा मूर्ती दिसतात. आपल्याकडे तंजावरच्या ‘तलैयाट्टी बोम्मै’ याच कुळातल्या आहेत. त्यांत डोके, धड आणि घागरा वेगवेगळे असून एकमेकांवर टेकवून तोललेले असतात आणि वाऱ्याच्या झुळकीनेही डोलतात. १८५५ पर्यंत मराठ्यांची गादी ज्या शहरात होती त्या शहराची ही कला आहे, म्हणून ती बाहुली वाचनालयाच्या कपाटात ठेवावी अशी माझी इच्छा आहे. मित्राच्या आईंकडे एक आहे, ती उसनी मागितली आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद लिहिताना जड वाटते आहे. क्रमांक २३ ते २६ म्हणजे बीटल्सच्या चार बाहुल्या. १९६४ मध्ये कार मॅस्कॉट्स या कंपनीने काढलेल्या या संचाची उंची आठ इंच होती आणि तो लगद्याचा होता. संग्राहकांमध्ये त्याला मोठा मान आहे. सहा वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडून हा संच मी अस्सल म्हणून घेतला, आणि त्यासाठी त्या वर्षीचे भारतात जाणे पुढे ढकलले होते. आज पहिल्याच बाहुलीचे वजन ३९५ ग्रॅम आले. उरलेल्या तिन्हींची वजनेही त्याच्या आसपास भरली. बैठकीच्या खाली नखाने न दिसेलशा जागी किंचित खरवडले, तर आत कागदाचे तंतू दिसण्याऐवजी पांढरी, दगडासारखी भुकटी निघाली. हा संच पुढे केव्हातरी काढलेली नक्कल आहे.

खरे तर त्या दिवशी बाहुली हातात घेताच शंका यायला हवी होती, कारण लगद्याची वस्तू उचलताना रिकाम्या डब्यासारखी वाटते. पुढच्यास ठेच लागते ती मागच्याने पाहावी म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवतो : साठच्या दशकातील बाहुली विकत घेण्यापूर्वी ती तळहातावर तोलून पाहावी, रंगावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे आहे का ते आडव्या प्रकाशात पाहावे, आणि मानेच्या पोकळीत विजेरी धरून आतला पृष्ठभाग पाहावा. तो खरबरीत आणि करड्या रंगाचा असतो. नोंदवहीत चारही बाहुल्यांपुढे ‘नक्कल’ असे लाल शाईने लिहिले. त्या मी प्रदर्शनात ठेवणार आहे, पण तो शब्द चिठ्ठीवर पहिल्या ओळीत असेल.

११ फेब्रुवारी, रविवार

क्रमांक ३१ : शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा खेळाडू, साठच्या दशकातील हिरव्या गोल बैठकीच्या मालिकेतील, साहित्य कागदाचा लगदा. संग्रहातील ही माझी सर्वांत जुनी आणि सर्वांत आवडती वस्तू आहे. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत तिला चार सेंटिमीटरचा तडा गेला आहे. इथल्या हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा अतिशय कोरडी होते, उन्हाळ्यात ती दमट असते, आणि आत कागद व वर रंगाचा ताठ थर असल्यामुळे दोघे सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत. रंग तडकतो आणि त्यामागून लगदाही उकलतो.

पेणला मामांना दृश्यफोन लावला. मामांची हयात गणपतीच्या कारखान्यात गेली आहे आणि गेली काही वर्षे ते शाडूबरोबरच कागदी लगद्याच्या मूर्तीही करतात. त्यांनी बाहुली चारही बाजूंनी दाखवायला सांगितली आणि मग विचारले, “हा कोण रे?”

मी म्हणालो, “मामा, हा कोणी एक असा नाही. त्या संघाचा खेळाडू आहे, एवढेच. त्या काळी सगळ्या संघांना एकच चेहरा देत. टोपी आणि सदरा तेवढा बदलायचा.”

“मग साचा एकच. आमच्याकडेसुद्धा एका साच्यातून शंभर गणपती निघतात. पण आखणी करणारा बसला, की शंभराचे डोळे शंभर तऱ्हेचे होतात. ह्याची आखणी कुणी केलीच नाही, बाळा. नुसते दोन ठिपके ठेवलेत.”

दुरुस्तीबद्दल ते म्हणाले की लगदा, डिंक आणि व्हाइटिंग पावडर यांचे मिश्रण भेगेत दाबून भरावे, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे आणि वरून रंग द्यावा. मूर्तीसाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण मूर्ती पूजेसाठी अखंड दिसली पाहिजे. जुन्या बाहुलीबाबत मात्र मूळ रंगाला शक्यतो हात लावू नये आणि केलेली दुरुस्ती पुढे कोणाला काढता यावी, असा संग्राहकांचा संकेत आहे. हे मी मामांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग डिंक नको, खळ घे. खळ पाण्याने सुटते.”

१८ फेब्रुवारी, रविवार

गव्हाच्या पिठातील सत्त्वाची पातळ खळ करून ती इंजेक्शनच्या सुईने तड्यात सोडली, त्यात जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांचा बारीक लगदा भरला आणि मऊ सुती पट्टीने डोके दोन दिवस बांधून ठेवले. आज पट्टी सोडली तेव्हा तडा मिटलेला होता. भरलेल्या जागेवरच जलरंगाचा एक फिका हात दिला आहे. मूळ रंगावर तो कोठेही गेलेला नाही. नोंदवहीत दुरुस्तीची तारीख, साहित्य आणि आधीची व नंतरची छायाचित्रे लावली.

मामांचे ‘दोन ठिपके’ हे शब्द मनातून जात नाहीत. साठच्या दशकाच्या आरंभी रॉबेर्तो क्लेमेंते, मिकी मँटल, रॉजर मॅरिस आणि विली मेज या चार बेसबॉलपटूंच्या नावाने बाहुल्या निघाल्या. विशिष्ट खेळाडूच्या म्हणून निघालेल्या त्या पहिल्या. त्यांपैकी क्लेमेंते सर्वांत दुर्मीळ मानला जातो. मॅरिसने १९६१ च्या हंगामात ६१ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, मारले आणि त्याच हंगामात मँटलने ५४. ही दोन नावे त्या वर्षी देशभर घरोघरी पोहोचलेली असताना दोघांच्या बाहुल्यांना त्याच गुबगुबीत मुलाचा चेहरा मिळाला. बैठकीवरचे नाव झाकले तर मँटल कोणता आणि मॅरिस कोणता हे सांगता येत नाही, कारण दोघांचा संघही एकच होता. जगात इतकी ओळख असलेल्या माणसांची ओळख एका चिकटपट्टीवर टेकलेली होती.

२ मार्च, शनिवार

मिलवॉकीला जाऊन आलो. तेथे वॉकर्स पॉइंट भागातील एका जुन्या ओतशाळेच्या इमारतीत १ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय बॉबलहेड संग्रहालय उघडले, आणि त्यात साडेसहा हजारांहून अधिक बाहुल्या मांडलेल्या आहेत. एवढे चेहरे एकाच वेळी समोर आले की पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही. डोळे नुसते सरकत राहतात. दुसऱ्या फेरीत मी फक्त हनुवट्या पाहायच्या असे ठरवले आणि मग एकेका शिल्पकाराचा हात वेगळा कळू लागला.

सर्वांत अधिक वेळ मी कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या मालिकेबद्दल वाचण्यात घालवला. १९२० मध्ये रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. हा फॉस्टर शिकागो अमेरिकन जायंट्स या संघाचा सर्वेसर्वा, म्हणजे आमच्याच शहरातला. साठच्या दशकात जपानी साच्यांतून बाहुल्या येत होत्या तेव्हा या लीगमधील बहुतेकांचे खेळण्याचे दिवस संपलेले होते. त्यांपैकी अनेकांच्या बाहुल्या २०२० च्या सुमारास, जुन्या छायाचित्रांवरून, प्रथमच घडल्या. आठवणीत असलेल्या चेहऱ्याची बाहुली करणे आणि बाहुलीच्या द्वारे चेहरा आठवणीत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात अतिशयोक्ती करून चालत नाही, कारण मूळ चेहरा ठाऊक नसलेल्याला ती अतिशयोक्ती आहे हे कळणारच नाही. म्हणूनच बहुधा या बाहुल्यांमध्ये डोके मोठे असले तरी नाक, कपाळ, जबडा यांची आपापसांतील मापे जपलेली दिसतात.

करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांची बाहुली याच संस्थेने काढली आणि तिच्या विक्रीतून रुग्णालयांसाठी मुखपट्ट्यांना निधी दिला. ती मी तेव्हाच टपालाने मागवली होती, क्रमांक ४४.

१६ मार्च, शनिवार

आज घरी तीन कुटुंबे जेवायला होती आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थही आले होते. त्यांचे सारे आयुष्य बेसबॉल पाहण्यात गेलेले आहे. जेवणानंतर २० बाहुल्या टेबलावर मांडून त्यांच्या बैठकी कागदाने गुंडाळल्या आणि प्रत्येकाने न बोलता नावे लिहायची असे ठरवले. पहिल्या फेरीनंतर सदऱ्यांवरचे क्रमांकही चिकटपट्टीने झाकून दुसरी फेरी घेतली.

अब्राहम लिंकन सर्वांनी ओळखला. टोपी आणि मिशीविना दाढी एवढे पुरले. आइन्स्टाइनही सर्वांनी ओळखला, तो केसांवरून. बीटल्सच्या नकलांबाबत मजेशीर गोष्ट झाली : चौघे मिळून बीटल्स आहेत हे सर्वांनी लिहिले, पण ढोल घेतलेला रिंगो सोडला तर कोणता कोण हे कोणालाच नीट सांगता आले नाही. नऊ बेसबॉलपटूंपैकी आमच्या मराठी मंडळींना एकही ओळखता आला नाही, आणि शेजाऱ्यांनी पहिल्या फेरीत सात ओळखले. क्रमांक झाकल्यावर सातांचे तीन झाले. राहिलेल्या तिघांत एर्नी बँक्स होता. तो त्यांनी चेहऱ्यावरून ओळखला नव्हता. बॅटवर बोटे किंचित सैल सोडलेली पकड पाहून त्यांनी नाव लिहिले. बँक्सची बोटे चेंडूची वाट पाहताना बॅटवर वाजत असत, हे त्या शिल्पकाराला ठाऊक होते आणि त्याने ते हातात उतरवले.

दोन्ही फेऱ्यांत एकही चूक न होता ओळखला गेलेला स्थानिक माणूस म्हणजे हॅरी केरी, शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे सामने वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवर सांगणारा समालोचक. जाड काळ्या चौकटीचा, जवळजवळ निम्मा चेहरा व्यापणारा चश्मा हीच त्याची ओळख होती. माझ्या मुलीने, जिचा जन्म केरीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी झाला, त्याला नुसत्या चश्म्यावरून ओळखले, कारण शिकागोत तो चश्मा अजूनही भिंतींवर आणि पाट्यांवर दिसतो.

याचा अर्थ मला असा लागतो की या बाहुल्यांत चेहरा ही ओळखीची शेवटची जागा आहे. आधी वस्त्र, मग क्रमांक, मग हातातील वस्तू, मग उभे राहण्याची ढब, आणि हे सारे काढून घेतल्यावर काही उरले तर तो चेहरा. देवांच्या मूर्ती आपण आयुधांवरून आणि वाहनांवरून ओळखतो, तसेच हे आहे. परंतु अर्कचित्राची कसोटी मी त्या शेवटच्या जागीच लावणार. त्या कसोटीला माझ्या ५६ पैकी फार तर अकरा उतरतील.

२४ मार्च, रविवार

चिठ्ठ्या लिहिणे सुरू केले. मागच्या आठवड्यातील प्रयोगामुळे दोन प्रकरणे नव्याने उलगडली.

पहिले प्रकरण २००४ चे आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झालेले अभिनेते आर्नल्ड श्वार्झनेगर यांची सुटाबुटातील, पण हातात बंदूक आणि अंगावर काडतुसांचा पट्टा असलेली बाहुली ओहायोतील कँटन येथील एका व्यापारी कंपनीने काढली, आणि श्वार्झनेगर यांच्या निर्मितिसंस्थेने तिच्यावर दावा लावला. ती कंपनी राजकीय पुढाऱ्यांच्या बाहुल्या विकत असे आणि पुढाऱ्याचे अर्कचित्र काढण्याची मोकळीक असतेच असे तिचे म्हणणे होते. उलट बाजूचे म्हणणे असे की विकली जाते आहे ती नटाची प्रतिमा, आणि तिच्यावर नटाचा हक्क आहे. शेवटी तडजोड झाली, बंदूक काढली आणि बंदूक नसलेली बाहुली विकण्यास मोकळीक मिळाली. चेहरा दोन्ही बाहुल्यांत तोच होता. पुढारी कोठे संपतो आणि नट कोठे सुरू होतो याची रेघ त्या एका बंदुकीवरून ओढली गेली. माझ्याकडे बंदूक नसलेली आहे, आणि ती पाहताना रिकाम्या हातांकडेच लक्ष जाते.

दुसरे प्रकरण मी संग्रहाचे मूळ मानतो, जरी त्यातील एकही वस्तू माझ्या आवाक्यात नाही. झाँ पियेर दाँताँ (१८००–१८६९) या फ्रेंच शिल्पकाराने १८३० च्या दशकात पॅरिसमधील नामवंतांचे छोटे अर्कपुतळे प्लास्टरमध्ये केले. पागानिनी, बर्लिओझ, बाल्झाक, व्हिक्टर ह्यूगो हे सारे त्याच्या हातून गेले. ह्यूगोचे कपाळ त्याने इतके वाढवले की चेहऱ्याला जागाच उरली नाही. पॅरिसच्या कार्नावाले संग्रहालयात त्याचे पुष्कळ काम आहे. त्याची एक सवय मला विलक्षण वाटते : बैठकीवर व्यक्तीचे नाव सरळ न लिहिता तो चित्रकोडे कोरत असे. चेहऱ्यावरून माणूस ओळखला जाईल याची त्याला खात्री होती, म्हणूनच त्याला नावाशी असे खेळता आले. त्याच काळात फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने संसदेतील पुढाऱ्यांच्या मुंड्या न भाजलेल्या मातीत करून रंगवल्या. त्यांपैकी छत्तीस आज पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहेत.

६ एप्रिल, शनिवार

आज ९ प्लास्टिकच्या आकृत्या. यांतील बहुतेक फंको कंपनीच्या ‘पॉप’ मालिकेतील आहेत. १९९८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले उत्पादन डोलत्या डोक्याचेच होते. ‘पॉप’ २०१० मध्ये आले. चौकोनी डोके, दोन काळ्या चकत्यांचे डोळे, आणि बहुतेकांना तोंडच नाही. पन्नास वर्षांनी पुन्हा सर्वांना एकच चेहरा मिळाला. फरक एवढाच की जपानी बाहुलीला निदान हसू होते.

माझे मत येथे कठोर आहे हे मी जाणतो, आणि मुलीला त्या प्रिय आहेत हेही जाणतो. मोठे डोके, मोठे डोळे आणि लहान अंग पाहिले की माणसाच्या मनात बालकाविषयीचा जिव्हाळा जागा होतो, हे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेंट्स याने १९४३ मध्येच मांडले होते, आणि ही मालिका नेमकी त्यावर उभी आहे. पण गोड वाटणे आणि ओळख पटणे यांत अंतर आहे. २०२३ मध्ये याच कंपनीने गोदामात जागा नसल्याने तीन कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल नष्ट करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले होते.

काळजीविषयी : मऊ पीव्हीसीतून त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि वस्तू चिकट होते, बंद खोक्यात तर अधिकच. कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढेच वापरले. थर्मोकोलला टेकवून ठेवलेली एक आकृती त्यात रुतून बसली होती. ती सर्व पॅकिंग काढून टाकली.

२८ एप्रिल, रविवार

मांडणी पूर्ण झाली. तेवीस वस्तू, तीन फळ्या. तंजावरची बाहुली वरच्या फळीवर आहे. मित्राच्या आईंनी ती सुती पदरात गुंडाळून स्वतः आणून दिली. कपाटाचे दिवे एलईडीचे आहेत, त्यामुळे रंग उडण्याची भीती कमी आहे. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून मागे मापक ठेवला. चिठ्ठ्या घडीच्या केल्या आहेत : वरच्या बाजूस केवळ क्रमांक, नाव आतल्या बाजूस. हॅरी केरीच्या चिठ्ठीची घडी आतापासूनच कोणी उघडणार नाही असे ग्रंथपालबाई म्हणाल्या.

१ जून, शनिवार

वस्तू परत आणल्या. सर्व तेवीस सुखरूप आहेत. क्रमांक ३१ भिंगाखाली पाहिला. भरलेला तडा उघडलेला नाही, मात्र उजव्या कानामागे नवी, दोन मिलिमीटरची भेग आहे. ती आधी होती का हे ठरवण्यासाठी फेब्रुवारीतील छायाचित्रे मोठी करून पाहिली. त्या बाजूचे छायाचित्र मी काढलेलेच नव्हते. पुढे प्रत्येक वस्तूची आठ दिशांनी छायाचित्रे काढायची, असा रकाना नोंदवहीत आज वाढवला आणि क्रमांक १ पासून सुरुवात केली. मामांचा कारखाना आता रात्री उशिरापर्यंत चालतो आहे, म्हणून भेगेबद्दल त्यांना अनंत चतुर्दशी झाल्यावर विचारीन.